पोवळ्याच्या कुंपणातला समुद्र



आमच्या देवगड तालुक्यात समुद्र 'पाहायला' म्हणून कोणी जात नाही. तो दारातच असतो. पावसाळ्यात त्याची गाज रात्रभर कानांशी असते, आणि नारळी पौर्णिमेला नारळ दिल्यावाचून आमच्याकडे होडी पाण्यात लोटत नाहीत. पोहायचं ते विहिरीत, आणि समुद्रात जायचं ते मासे धरायला, असा आमचा शिरस्ता. मौजेखातर समुद्रात उतरणे ही कल्पना माझ्या आजोबांच्या स्वप्नातसुद्धा आली नसती. अशा गावातला मी एक भूगोलाचा मास्तर. २०१९ च्या ऑगस्टअखेर मॉरिशस बेटावर गेलो आणि पंधरा दिवस समुद्रात मौज करून आलो. माझा भाचा तेव्हा तिथल्या एका कापडगिरणीत नोकरीला होता. त्याचाच आग्रह. तिथं काय पाहिलं, काय केलं, आणि काय करायला नको होतं, ते आज आपल्याला सांगणार आहे.

शाळांतून जे गुरुजी ऐकत असतील त्यांनी जगाचा नकाशा भिंतीवर लावावा. आफ्रिकेच्या पूर्वेला मादागास्कर हे मोठं बेट दिसेल. त्याच्याही पूर्वेला सुमारे आठशे किलोमीटरवर, हिंदी महासागरात, एक ठिपका आहे तो मॉरिशस. आपलं नाशिक विषुववृत्ताच्या जितकं वर आहे, साधारण तितकंच हे बेट खाली आहे. म्हणून ऊन आपल्यासारखं, पण ऋतू उलटे. आपल्याकडे दिवाळीची थंडी पडू लागते तेव्हा तिथं उन्हाळा सुरू होतो. नोव्हेंबर ते एप्रिल हे वादळांचे महिने. १९६० सालच्या 'कॅरोल' वादळाच्या आठवणी जुनी माणसं अजून सांगतात. मे ते ऑक्टोबर हवा सुखाची, आणि आग्नेयेकडून वारा सारखा वाहत असतो. बेटाचं क्षेत्रफळ १,८६५ चौरस किलोमीटर. म्हणजे आपल्या एकट्या सिंधुदुर्ग जिल्ह्यात असली पावणेतीन बेटं मावतील. मधोमध डोंगर, उतारावर आणि सपाटीवर जिकडे पाहावं तिकडे ऊस, आणि किनाऱ्याला सुरूची झाडं. सुरू पाहिल्यावर मला तर आपण परदेशात आलो आहोत असं वाटेचना.

पण समुद्राकडे तोंड केलं आणि वाटलं. हा आपला समुद्र नव्हे! किनाऱ्याशी लाट म्हणून नाही. पाणी परातीत ओतल्यासारखं स्वस्थ, आणि इतकं नितळ की कमरेएवढ्या पाण्यात उभं राहून पायाची नखं मोजावीत. लाटा होत्या, पण त्या दूर, कुठे अर्ध्या किलोमीटरवर, कुठे त्याहूनही लांब. तिथं पांढऱ्या फेसाची एक रेघ आडवी पसरलेली. गाजही तिथूनच येत होती. जणू समुद्राला कोणी तिथंच अडवून ठेवला होता.

अडवून ठेवला होता तो पोवळ्यांनी. अंगठीत घालतात ते तांबडं पोवळं आपल्या परिचयाचं आहे. हे त्याचे दूरचे भाऊबंद. पोवळं म्हणजे दगड नव्हे आणि झाडही नव्हे. तो एक लहानसा प्राणी आहे, पुष्कळदा तांदळाच्या दाण्याएवढा. तो समुद्राच्या पाण्यातला चुना घेऊन स्वतःभोवती घर बांधतो. अशी लाखो घरं एकमेकांना चिकटून, जुन्यावर नवी चढून, हजारो वर्षांत एक भिंतच तयार होते. या प्राण्याच्या अंगात सूक्ष्म शेवाळ राहतं. ते उन्हावर अन्न तयार करतं आणि मालकाला त्यातला वाटा देतं. पोवळ्याचा रंगही बराचसा त्या शेवाळाचा. म्हणून पोवळ्याला उथळ, स्वच्छ, उबदार पाणी आणि भरपूर ऊन लागतं. पाणी गढूळ झालं तर ऊन पोहोचत नाही, आणि पाणी फार तापलं तर शेवाळ निघून जातं, पोवळं पांढरंफटक पडतं आणि बहुधा उपाशी मरतं. घुमटासारखं वाढणारं पोवळं वर्षाला साधारण एखादा सेंटीमीटर वाढतं. आपल्या जांभ्याच्या चिऱ्याएवढी उंची चढायला किती वर्षं लागतील याचं गणित मुलांना घालायला हरकत नाही.

मॉरिशसला या भिंतीचा जवळजवळ पुरा वेढा आहे, सुमारे दीडशे किलोमीटरचा. महासागराची लाट येऊन त्या कुंपणावर फुटते, आणि आतल्या संथ पाण्यात मग पाहुणे डुंबतात. दक्षिणेला ग्री-ग्री नावाच्या जागी हे कुंपण तुटलेलं आहे. तिथं काळ्या कड्यांवर लाटा अशा आदळतात की वर उभ्या माणसाच्या तोंडावर तुषार येतात. कोकणातला माणूस तिथं पोहोचला की त्याला घरी आल्यासारखं वाटतं. तिथं पोहायला मात्र कोणी उतरत नाही. मॉरिशसला जाणाऱ्याने आधी ग्री-ग्री पाहावं आणि मग बाकीचे किनारे, असं माझं मत आहे. कुंपण काय काम करतं ते एका दृष्टिक्षेपात कळतं.

जाता जाता एक गंमत सांगतो. त्या किनाऱ्याची वाळू पांढरी शुभ्र, मऊ. ती बहुतेक पोवळ्यांचा आणि शिंपल्यांचा चुरा. आणि तो चुरा करणाऱ्यांत एका रंगीत माशाचा मोठा हात आहे. पोपटासारखी चोच असलेला हा मासा पोवळ्यावरचं शेवाळ खरवडून खातो, त्याबरोबर पोवळंही चावतो, आणि न पचलेला चुना मागून टाकतो. लोक लांबून येऊन ज्या वाळूवर पहुडतात ती वाळू अशी तयार होते! भाच्याने हे सांगितल्यावर त्याची बायको चटकन उठून उभी राहिली.

आता तिथं पाहुण्यांना करायला काय काय आहे? ज्याला पाण्याचं भय आहे त्याच्यासाठी काचेच्या तळाची होडी. होडीत बाकावर बसायचं आणि पायांखालच्या काचेतून पाहायचं. खाली पोवळ्यांची बाग सरकत जाते. कुठे काळविटाच्या शिंगांसारखी पोवळी, कुठे अक्रोडाच्या गरासारखी वळणावळणाची. त्यांतून पिवळे, निळे, पट्ट्यापट्ट्यांचे मासे. ज्याला बोटसुद्धा भिजवायचं नाही त्याला हे पुरे.

दुसरा प्रकार म्हणजे समुद्राच्या तळावर चालणे. उत्तरेकडच्या ग्रां बे या गावी याची सोय आहे. डोक्यावर काचेची खिडकी असलेलं मोठं जड शिरस्त्राण ठेवतात, वरच्या होडीतून नळीने हवा सोडतात, आणि तीन-चार मीटर खाली तळावर उतरवतात. शिरस्त्राण खालून उघडंच असतं, तरी पाणी तोंडाशी येत नाही. कसं? गुरुजींनी वर्गात बादलीभर पाणी घ्यावं आणि पेला उपडा करून सरळ खाली दाबावा. आत चुरगाळलेला कागद घट्ट बसवला असेल तर तो कोरडा राहील. तेच हे. भाच्याची बायको चष्म्यासकट खाली जाऊन आली आणि मान कोरडी असल्याचं सर्वांना दाखवत होती. तिला पोहता येत नाही, हे विशेष.

पश्चिमेला तामारँ नावाच्या गावी पहाटे होड्या निघतात त्या डॉल्फिन पाहायला. आम्हीही गेलो. उडी मारून हवेत गिरकी घेणारी ती जात आहे. पाहताना आनंद झाला, खोटं कशाला सांगू! पण मागाहून कळलं की हे प्राणी रात्रभर खोल समुद्रात भक्ष्य शोधतात आणि सकाळी उथळ उपसागरात विसाव्याला येतात. त्यांच्या झोपेची ती वेळ. त्या सकाळी त्यांच्याभोवती आमच्यासुद्धा चौदा होड्या मी मोजल्या. रात्रपाळी करून घरी आलेल्या माणसाच्या दारात ताशे वाजवावेत, तसलाच तो प्रकार. पुन्हा गेलो तर मी तिथं जाणार नाही.

माझी खरी हौस होती ती तोंडावर काच बांधून, तोंडात नळी धरून पाण्यावर पालथं तरंगायची. बेटाच्या आग्नेय टोकाला ब्लू बे नावाचा उपसागर आहे. तिथली पोवळी सरकारने राखीव केली आहेत, आणि २००८ साली आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या रामसर यादीत त्याचं नाव गेलं. तिथं होडीवाल्याला नांगर टाकायची मुभा नाही. नांगराने पोवळं फुटतं. पाण्यात बोयरी बांधून ठेवलेल्या आहेत, त्यांना दोर अडकवायचा. आमचा होडीवाला माझ्याच वयाचा, जवळच्या माएबूर गावचा. त्याची भाषा क्रिओल, माझी मराठी, मध्ये भाचा दुभाषी. त्याने आधी आम्हाला रबरी जोडे घालायला लावले. तळाशी 'लाफ' नावाचा मासा असतो. दिसायला हुबेहूब शेवाळलेला दगड, पण पाठीवर विषारी काटे. आपल्या पाकटाच्या काट्याहून वाईट. पाय पडला तर वेदनेने माणूस गडबडा लोळतो. सोसवेल इतक्या गरम पाण्यात पाय बुडवायचा आणि दवाखाना गाठायचा, हाच उपाय. मग त्याने हाताने दोन गोष्टी दाखवल्या. खाली उभं राहायचं नाही. आणि दोन पिवळ्या बोयऱ्यांच्या पलीकडे जायचं नाही.

पहिला अर्धा तास मी देहभान विसरलो. विसरलो, हेच चुकलं. पालथं तरंगणाऱ्या माणसाला फक्त खालचं दिसतं, आपण कुठे चाललो ते कळत नाही. मान वर केली तेव्हा पिवळ्या बोयऱ्या माझ्या मागे होत्या आणि होडी आगपेटीएवढी दिसत होती.

काय झालं होतं ते मला नंतर समजलं. कोकणातल्या श्रोत्यांना ते चटकन समजेल. भाताच्या खाचरात पाणी तुडुंब झालं आणि मेर एका जागी फुटली, तर सगळं पाणी त्या एकाच भगदाडाकडे धावतं. तिथंही तसंच. लाटा कुंपणावरून पाणी आत टाकत राहतात. ते पाणी परत जायला वाट हवी. कुंपणात कुठे कुठे खिंडारं आहेत, बहुधा नदीच्या मुखासमोर, कारण गोड्या आणि गढूळ पाण्यात पोवळं वाढत नाही. आतलं पाणी त्या खिंडारातून बाहेर पडतं. वरून काही दिसत नाही. पाणी तितकंच संथ, तितकंच निळं. पण खालून ओढ असते.

मी घाबरलो आणि होडीच्या दिशेने हातपाय मारू लागलो. साठीच्या माणसाचा दम तो किती! शंभर हात मारून पाहतो तो मी होतो तिथंच. नळीत पाणी शिरलं. पाय टेकायला काहीतरी हवं म्हणून मी खाली पाय सोडला, तो एका परातीसारख्या पसरट पोवळ्यावर पडला. ते मोडलं. तो आवाज कानांनी ऐकला की पायातून जाणवला, सांगता येणार नाही. तेवढ्यात होडीवाला पोहत आला. त्याने मला पाण्यावर उताणं केलं, काखेत धरलं, आणि होडीकडे न नेता आडवं, किनाऱ्याला समांतर असं नेलं. थोड्या अंतरावर ओढ सुटली आणि मग आम्ही सावकाश वळून परत आलो. ओढीत सापडलेल्याने उलट पोहू नये, आडवं निघावं, ही गोष्ट मी पुस्तकात वाचली होती. मुलांना सांगितलीही होती.

होडीत आल्यावर त्याने आधी माझा पाय पाहिला. पोटरीवर खरचटलं होतं. गोड्या पाण्याने धुतलं. मग तो परत पाण्यात उतरला आणि थोड्या वेळाने वर येऊन हातांनी माप दाखवलं, साधारण भाकरीएवढं. भाच्याला काहीतरी म्हणाला. भाचा सांगेना. मी फारच धरून बसलो तेव्हा म्हणाला, "मामा, तो म्हणतो, तेवढा तुकडा त्याच्या धाकट्या मुलाच्या वयाचा असेल." रागावला नव्हता. मला वाटतं, रागावला असता तर बरं झालं असतं.

या लोकांना पोवळ्याची किंमत काही पुस्तकातून कळलेली नाही. पूर्वी तिथं घरबांधणीसाठी लगूनमधली वाळू, म्हणजे या आतल्या संथ पाण्यातली वाळू, होड्या भरभरून काढीत. कित्येक कुटुंबांचा तो पिढीजात धंदा होता. मासे कमी झाले, किनारा खचू लागला, तेव्हा २००१ साली सरकारने ते बंद केलं. शेजारच्या रॉड्रिग्ज बेटावर तर २०१२ पासून ठराविक काळ अष्टपाद धरायला बंदी असते. आमच्याकडे नारळी पौर्णिमेपर्यंत जाळी वर ठेवतात त्यातलाच प्रकार.

जमिनीवरच्या स्थळांविषयी थोडक्यात सांगतो. शामारेल इथं सात रंगांची उघडी माती आहे. पावसात धुऊन निघालेल्या, ज्वालामुखीच्या खडकाची झीज होऊन बनलेल्या त्या टेकड्या तांबड्या, जांभळ्या, पिवळ्या दिसतात. जवळच धबधबा आहे. पांप्लमूसच्या बागेत ताटासारख्या काठाच्या प्रचंड पानांची कमळं आहेत. तिथं एक ताडाची जात अशी आहे की ती कित्येक वर्षांत एकदाच फुलते आणि फुलून झाली की मरते. डोंगरातल्या राष्ट्रीय उद्यानातून पायवाटा आहेत. नशीब असेल तर तिथला लहान ससाणा दिसतो. १९७४ साली त्याचे अवघे चारच पक्षी रानात उरल्याची नोंद होती. माणसांनी अंडी उबवून, पिलं वाढवून त्याची जात राखली. डोडो पक्ष्याचं नशीब तसं नव्हतं. डच लोक १५९८ साली उतरले आणि शंभर वर्षांच्या आत तो नाहीसा झाला.

नैर्ऋत्येला ल मोर्न नावाचा ५५६ मीटर उंचीचा उभा कडा आहे. त्याच्या पायथ्याला तरुण पोरं पायाला फळी बांधून, हातात मोठा पतंग धरून, वाऱ्याच्या जोरावर पाण्यावरून धावतात. आग्नेयेचा वारा तिथं नेटाने येतो. पाहत बसावं. वर कड्यात एके काळी पळून आलेले गुलाम लपत असत. १८३५ साली गुलामगिरी बंद झाली आणि ती बातमी सांगायला शिपाई वर गेले, तेव्हा हे आपल्याला धरायलाच आले असं समजून त्या लोकांनी कड्यावरून उड्या टाकल्या, अशी तिथली दंतकथा आहे. खरंखोटं कोण ठरवणार! पण हे ऐकल्यावर पतंगांकडे पाहताना नजर आपोआप वर जाते.

गुलाम गेले आणि ऊस तोडायला आपली माणसं आणली. १८३४ पासून करारावर मजूर येऊ लागले. पोर्ट लुई बंदरात आप्रवासी घाट आहे, तिथं सोळा दगडी पायऱ्या आहेत. त्या चढून लाखो लोक बेटावर गेले. त्यांत मुंबई बंदरातून गेलेले आपले कोकणचे लोकही होते. त्यांची नातवंडं-पणतवंडं आज वाकोआ, कास्काव्हेल अशा गावांत आहेत. घरात क्रिओल बोलतात, पण सणाला मराठी बाहेर काढतात. तिथं गणेश चतुर्थीला सार्वजनिक सुटी असते. त्या वर्षी चतुर्थी २ सप्टेंबरला होती, मी तिथंच होतो. जाखडीला ते 'झाकरी' म्हणतात. ढोलकीचा ठेका ऐकून मी भर गर्दीत भाच्याचा हात धरला. विसर्जनाला समुद्रावर गेलो तर अडचण अशी की पाणी खोल होईना! लाट नाही, उतार नाही. गणपती डोक्यावर घेतलेली माणसं गुडघाभर पाण्यातून चालत राहिली, चालत राहिली, पार लहान दिसू लागली, तेव्हा कुठे कमरेएवढं पाणी लागलं.

मी परत आलो. पुढच्या वर्षी, २५ जुलै २०२० च्या रात्री, 'वाकाशिओ' नावाचं एक मोठं मालवाहू जहाज वाट चुकून पॉइंट देस्नीच्या कुंपणावर चढलं. ब्लू बेच्या अगदी शेजारी. ६ ऑगस्टला त्याची टाकी फुटून तेल वाहू लागलं, सुमारे हजार टन. लगूनचं पाणी काळं झालं. कुंपणाने लाटा अडवल्या असत्या, पण तेल आतच येऊन पसरलं.

मग बेटावरच्या लोकांनी काय करावं? उसाचं पाचट गोळा केलं. मैलोगणती उसाच्या बेटावर त्याला काय तोटा! कापडाच्या लांबच लांब पिशव्या शिवल्या, त्यांत पाचट ठासून भरलं, तरंगाव्यात म्हणून प्लॅस्टिकच्या रिकाम्या बाटल्या बांधल्या, आणि त्या माळा समुद्रात ओढून तेलापुढे आडव्या घातल्या. पाचट तेल धरून ठेवतं. माएबूरच्या धक्क्यावर बाया, पोरं, म्हातारे रात्रंदिवस शिवत होते. केसही तेल शोषतात म्हणून कित्येकांनी केस कापून दिले. हजारो माणसं न बोलावता आली होती. भाचाही गेला होता. त्याने धाडलेल्या छायाचित्रात काळ्या पाण्यात छातीएवढा उभा राहून माळ ओढणारा एक म्हातारा होता. चेहरा तेलाने माखलेला. मला वाटलं आमचा होडीवालाच. भाचा म्हणाला, नाही मामा, पण तोही इथंच आहे, मासेमारी बंद पडली आहे.

आमच्या मालवणला सिंधुदुर्ग किल्ल्याभोवती थोडी पोवळी आहेत. १९८७ साली तो भाग सागरी अभयारण्य म्हणून जाहीर झाला. मालवण-तारकर्लीला आता काच बांधून पाण्यात उतरायची सोय झाली आहे, आणि शाळांच्या सहलीही जातात. गेल्या हिवाळ्यात मीही गेलो. पाणी मॉरिशसइतकं नितळ नव्हे, पण मासे तेवढेच रंगीत. उतरण्यापूर्वी होडीवाल्या पोराला विचारलं, ओढ कुठल्या बाजूला आहे? तो माझ्या तोंडाकडे पाहत राहिला. म्हणाला, काका, हे आजवर कोणी विचारलं नव्हतं. मग त्याने हात करून दाखवलं.

भाचा २०२२ साली मुलुखाला परत आला. येण्यापूर्वी ब्लू बेला जाऊन आला होता. आमच्या होडीवाल्याची होडी पुन्हा चालू झाली आहे. बोयरीला दोर बांधला की पाहुण्यांना पाण्यात सोडण्याआधी तो हिंदुस्थानातल्या एका भूगोलाच्या मास्तराची गोष्ट सांगतो. पाहुणे पुष्कळ हसतात म्हणे. मग तो दोन्ही हातांनी भाकरीएवढं माप दाखवतो.